दिवाणाला लागलेली बुरशी

मस्तगडमधल्या घराचं न्हाणीघर नवं करायला काढलं, तर शेजारच्या स्वयंपाकघराच्या दाराची चौकटच हातात आली. अंगद सुतारानं तिच्या तळाशी पेचकस टेकवला, तो मुठीपर्यंत आत शिरला.

"वाळवी न्हाई ताई, बुरशी हाय. भिंतीतला पाइप गळून राह्यला. तो दुरुस्त करा, भिंत वाळू द्या, मंग कुजका भाग कापून नवं लाकूड जोडतो."

"पसरती का ही?" उषानं विचारलं.

"ओल असली तर."

त्यातलं 'ओल असली तर' उषानं तिथंच सोडून दिलं. संध्याकाळी तिचा नवरा कल्याण ऑफिसातून आला, तेव्हा ती बैठकीतल्या सागवानी दिवाणाकडं चिंतातुर चेहऱ्यानं बघत उभी होती. तो नणंदेनं, नंदाबाईंनी दिलेला. अर्धी खोली अडवून बसलेला.

"अहो, बुरशी इथवर आली. काढावाच लागंल."

दिवाण ठणठणीत कोरडा होता, हे कल्याणला दिसत होतं. पण येता-जाता त्याचाही गुडघा त्यावर आपटायचा. तो गंभीरपणे म्हणाला, "बिलकुल. जल्दी काढू."

नंदाबाईंना फोनवर कळवलं, तर दुसऱ्या दिवशी त्या कुंभार पिंपळगावहून थेट दारात! अंगदचा पेचकस मागून घेतला आणि दिवाण चहूकडून टोचून बघितला. साधा ओरखडाही उठेना.

"कुठं कुजला गं?"

उषाचे कान लाल झाले. "ताई, खरं सांगू का..."

"नको सांगू." नंदाबाई हसत हसत दिवाणावरच बसल्या. "मला तरी कुठं पाहिजे होता? सासूबाईंनी माझ्या गळ्यात घातल्ता, मी तुझ्या घातला. पण आता त्यांना काय सांगायचं?"

मग उषा, कल्याण आणि नंदाबाई अशा तिघांनी मिळून कुजक्या चौकटीचा अगदी जवळून फोटो काढला. दिवाण अंगद खुशीनं घेऊन गेला.

घरी जाऊन नंदाबाईंनी सासूबाईंना, तुळजाबाईंना, मोबाइल दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला.

"दिवाणाच्या पायाला हळदीकुंकू कसं काय?"

चौकटीला उंबऱ्याजवळ लावलेल्या हळदीकुंकवाच्या बोटांकडं तिघांपैकी कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. नंदाबाई जराशा अडखळल्या. "उषा लावायची ना, आत्याबाई. तुमची वस्तू म्हणून."

तुळजाबाईंनी नुसता पदर डोळ्यांना लावला.

पुढं भिंत वाळली, नवी चौकट बसली, रंगही झाला. उषा मोकळ्या बैठकीत पाय पसरून चहा पीत होती, तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. आत दोरखंडानं बांधलेलं, छताला टेकेल एवढं शिसवी कपाट.

"तुळजाबाईंनी पाठवलं," ड्रायव्हर म्हणाला. "म्हणल्या, माझ्या सामानाची कदर एका उषालाच हाय."