आकडा खरा आहे

मी श्वासाचा पंप बोलतोय. आवाज घोगरा लागेल, सांभाळून घ्या. आतली रिंग झिजली की आवाज असाच होतो.

काम माझं साधं. खोलीतली हवा आत ओढायची, पांढऱ्या दाण्यांनी भरलेल्या दोन नळकांड्यांतून गाळायची आणि त्यातला प्राणवायू बारीक नळीनं माणसाच्या नाकापर्यंत पोचवायचा. ज्यांची फुप्फुसं थकली, त्यांच्या उशाशी मी उभा असतो. माझ्या पाठीवर एक छोटी काच आहे. मी किती तास चाललो तो आकडा तिच्यात दिसतो. माणसं वय चोरतात; मला ती सोय नाही.

कारखान्यातून मी थेट एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी गेलो. भूगोल शिकवायच्या. पलंगावरून उठताना त्यांची काठी रोज माझ्या उजव्या कोपऱ्यावर आपटायची, तिथला रंग उडाला. चहाचा कप माझ्या डोक्यावर ठेवू नका असं डॉक्टरांनी दहादा बजावलं, तरी त्या ठेवायच्याच. तो तपकिरी गोल डाग अजून आहे. अडीच वर्षं मी जवळजवळ अहोरात्र चाललो. बाई गेल्या तेव्हा काचेत एकवीस हजार चारशे साठ तास होते. त्यांच्या भाच्यानं मला जुन्या मालाच्या दुकानात नेऊन विकलं.

दुकानदाराला सगळे मामा म्हणायचे. सगळ्या गावाला मामा बनवणाऱ्याला मामा का म्हणतात, हे मला कधी कळलं नाही.

मी त्याच्या मांडणीवर धूळ खात असतानाच तो कायदा आला. पगारावरचा कर गेला. त्याऐवजी प्रत्येक नव्या वस्तूवर शंभराला तीस. दुकानातल्या रेडिओवर एक साहेब दिवसभर समजावत होते, कमवाल ते सगळं तुमचं, खर्चाल तेव्हाच काय ते द्या. जुन्या वस्तूला मात्र कर नाही, कारण तिचा एकदा भरून झालाय. हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मामानं रेडिओ मोठा केला.

महिन्याभरात जुन्या मालाचं दुकान नव्या मालानं भरलं. नवं ते जुनं म्हणून विकायचं, तर ते जुनं दिसायला हवं. त्यासाठी मामानं एक बाई नेमली. ती बावीस वर्षं आयकर कचेरीत कारकून होती. लोकांच्या अर्जातलं खोटं हुडकून त्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल करायची. कचेरीला टाळं लागलं आणि ती रस्त्यावर आली. आता स्टुलावर बसून पॉलिश पेपरनं कोऱ्या फ्रिजचे कोपरे घासायची, पंख्यांना तेलकट धूळ फासायची, माझ्यासारख्यांचे आकडे तार लावून पुढे पळवायची. हात फार सफाईदार होता तिचा. बोलायची मात्र कमी.

गिऱ्हाइकांना सगळं ठाऊक असायचं. मामा कानाशी लागून सांगायचा, "आतून कोरं आहे." मग लोक जुन्याहून जास्त पैसे मोजायचे, पण कर वाचायचा म्हणून हसत जायचे. अशा मालाला नावही पडलं होतं, कोरं-जुनं. पुढे मामाच्या डोक्यात आणखी एक किडा वळवळला. सगळेच ओरखडे लोक खोटे समजतात, तर खरा जुना मालही त्याच भावात का खपू नये?

तसा पहिल्यांदा खपलो तो मीच.

गिऱ्हाईक होते एक म्हातारे फिटर आणि त्यांची लेक. फिटरनी चाळीस वर्षं पाण्याचे पंप दुरुस्त केले होते. आता चार पायऱ्या चढताना त्यांना दोनदा थांबावं लागायचं. लेक रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. पगारातली कपात थांबल्यापासून तिच्या हातात बरे पैसे यायला लागले होते.

"आपण नवंच घेऊ," फिटर म्हणाले. "कर पडेल तो पडेल. गॅरंटी तर मिळेल."

"बाबा, तुमचा कर कमावताना कापला, आता औषधापासून साबणापर्यंत सगळ्यावर परत कापतायत. आणखी किती भरणार?"

तिचंही चुकत नव्हतं. दोन्हीकडून कात्री लागली होती ती तिच्या बापालाच. ती वाकून माझ्या काचेत पाहू लागली. "पण हे एकवीस हजार तास?"

"तो आकडा होय? तो आमचाच, ताई," मामा हळूच म्हणाला. "बाई फिरवते. ओरखडेपण तिचेच. आतून एकदम कोरं."

कारकूनबाई दोन हातांच्या अंतरावर बसली होती. तिनं मला कधी बोटही लावलं नव्हतं. लेकीनं तिच्याकडे पाहिलं. बाईनं मान खाली घातली आणि एका मिक्सरचा कोपरा घासायला घेतला. लेकीला तेवढा होकार पुरला. पावतीवर मात्र मामानं ठळक लिहिलं, वापरलेला माल, तक्रार चालणार नाही.

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खिडकीशी पलंग, त्याला लागून मी. पहिल्याच दिवशी फिटरनी माझ्या अंगाला कान लावला आणि डोळे मिटले. इतक्या प्रेमानं मला कुणी ऐकलं नव्हतं.

"पोरी, रिंग गेलीय ह्याची. हा बराच चाललाय."

"बाबा, आता तुमचे कानच सत्तरीचे झालेत."

शेजारपाजारचे मला बघायला यायचे. लेक हौसेनं दाखवायची, "हा चहाचा डाग बघा, किती हुबेहूब केलाय. आणि हा कोपरा, जसं काही रोज कुणी काठी आपटलीय!" सगळे वा वा करायचे. मला शिक्षिकाबाई आठवायच्या आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आपलं सगळं आयुष्य कुणीतरी कलाकुसर म्हणून दाखवतंय आणि आपल्याला तोंड नाही.

मी जिवाचं रान केलं. पण झिजलेला दट्ट्या किती हवा दाबणार? चौथ्या महिन्यात माझा पिवळा दिवा लागला. प्राणवायू कमी पडतोय, असा त्याचा अर्थ. लेकीनं मामाला फोन केला. "तोही बाईनंच लावून ठेवलाय," मामा म्हणाला, "जुनं वाटायला नको का?" रक्तातला प्राणवायू मोजायला फिटरच्या बोटाला लावायच्या चिमट्यातला आकडा दर आठवड्याला एकदोननं उतरत होता. डॉक्टर म्हणाले, आजार पुढे सरकलाय. ते लेकीला पटलं. दिवसभर दुसऱ्यांच्या रक्तातले आकडे वाचणारी ती हुशार मुलगी, माझ्या पाठीवरचा तेवढा एक आकडा तिनं खोटा धरला होता.

फिटर तीनदा म्हणाले, पंप उघडून बघू. तिसऱ्यांदा ती चिडली. "पुन्हा पंपाचं नाव काढू नका, बाबा! जीव तोडून आणलाय मी तो."

पण दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. तीत जुने वॉशर होते, रिंगा होत्या. नाकातली नळी काढली, चार पावलं चालून भिंतीतला प्लग काढला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसले. तेवढ्यानंच त्यांना धाप लागली होती.

आठ स्क्रू. प्रत्येक स्क्रूनंतर थांबायचे. झाकण निघालं, काळी भुकटी त्यांच्या बोटांना लागली, आणि ते हसले. आपले कान शाबूत आहेत याचा आनंद होता तो. उघडलेल्या प्रत्येक पंपाच्या झाकणाच्या आत त्याची स्थिती लिहून ठेवायची, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी लिहिलं, 'रिंग झिजली. तासांचा आकडा खरा.' खाली तारीख घातली.

मग पेटीतली रिंग लावून पाहिली. ती मोठी होती. दुसरी शोधायला लागले तेव्हा त्यांची नखं निळी पडली होती. एकदा मान वळवून त्यांनी प्लगकडे पाहिलं. चार पावलं. ते उठलेच नाहीत. मी समोर उघडा पडलो होतो आणि मला काही म्हणजे काही करता आलं नाही.

संध्याकाळी लेक आली. तिनं ते सगळं पाहिलं आणि बाबांजवळ खाली बसली. त्यांच्या गार पडलेल्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर घट्ट धरून ती किती वेळ तरी तशीच होती. "का उघडलंत, बाबा? का उघडलंत?" एवढंच म्हणत होती. शेजाऱ्यानं जुनीच रिंग बसवून माझं झाकण लावलं. आतली बाजू कुणी पाहिली नाही.

पंधरा दिवसांनी ती मला परत घेऊन आली. "मशीन चांगलं आहे हो," ती मामाला म्हणाली. "बाबांनीच ऐकलं नाही माझं." तिचे डोळे सुजले होते. मामानंही तोंडानं च्‌ च्‌ केलं.

मला पुसून घ्यायचं काम कारकूनबाईकडे आलं. तिनं झाकण उघडलं आणि ती आतल्या त्या दोन ओळी वाचत राहिली. पुन्हा वाचल्या. तिचा हात खिशाकडे गेला. तिथं अजून ती लाल पेन्सिल असते. तिला कळलं, मला दिसलं की तिला सगळं कळलं. रस्त्यावर लेक अजून रिक्षाची वाट बघत उभी होती.

"झालं का, बाई?" मामा ओरडला.

बाईनं पॉलिश पेपर उचलला. इतके दिवस तिनं माझ्यावर तो कधी चालवला नव्हता. चार हात मारले आणि फिटरचं अक्षर गेलं. मग झाकण लावलं, आठही स्क्रू नीट पिळले, आणि मागच्या खोलीत जाऊन बराच वेळ हात धूत बसली.

आता मी दुकानात अगदी पुढे आहे. समोर एक माणूस आईचा हात धरून उभा आहे. तिला धाप लागलीय. तो वाकून माझी काच वाचतोय, "पंचवीस हजार सातशे तास?"

अरे दादा, खरा आहे तो. मला एकदा चालू कर आणि कान लावून ऐक. फिटरना ऐकू आलं होतं, तुलाही येईल.

मामा त्याच्या कानाशी वाकलाय. माणूस हसला. आता तो खिशातून पैसे काढतोय.