दोन तिकिटांची आई

काउंटरवरच्या मुलीने दोन्ही तिकिटं शेजारी शेजारी ठेवली, पासपोर्ट उलटसुलट चाळला आणि विचारलं, "मावशी, मधल्या विमानतळाचा व्हिसा?"

"मला तिथे राहायचंच नाहीये गं. नुसतं विमान बदलायचंय."

"एकच तिकीट असतं तर नुसतं बदलता आलं असतं. तुमची दोन वेगळी आहेत. म्हणजे त्यांच्या लेखी तुमचा प्रवास तिथे संपला. बॅग घ्यायला बाहेर पडायचं, पुन्हा नव्याने आत जायचं. त्याला ट्रान्झिट व्हिसा लागतो. तो नसेल तर मी तुम्हाला इथून बसवू शकत नाही."

परवा सकाळी मावशींच्या परदेशातल्या धाकट्या बहिणीचं हृदयाचं ऑपरेशन होतं. बहीण बासष्ट वर्षांची, पण घरात अजून बेबीच. "तुझं तोंड बघितल्याशिवाय मी आत जायची नाही," असं तिने बजावलं होतं, आणि बेबी हट्टाला पेटली की डॉक्टर काय, ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. पुढचं विमान तीन दिवसांनी होतं.

आता एका प्रवासाची दोन तिकिटं का, तर ती करणी खुद्द मावशींची. तीस वर्षं त्यांनी कापडाच्या दुकानात माप घालून कापड फाडलं. बाजारात त्यांना मापमावशीच म्हणत. घरीही हात तसाच. मुलगे दोन, तेव्हा जे येईल त्याचे एक घाव दोन तुकडे. एकदा खोडरबरसुद्धा पट्टी लावून कापलं होतं. शेजारीण म्हणायची, "बाई, तुम्ही पोरांना तापसुद्धा निम्मा निम्मा वाटाल." एवढं करून व्हायचं ते झालंच. वडिलांच्या आजारपणात दवाखान्यात कोणी किती रात्री काढल्या यावरून दोघांचं बिनसलं, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून एकमेकांशी एक शब्द नाही.

बेबीच्या ऑपरेशनचं कळलं तेव्हा दोघंही म्हणाले, तिकीट मी काढणार. मावशींनी लगेच प्रवास मधोमध फाडला. पहिलं विमान थोरल्याचं, दुसरं धाकट्याचं. भांडण नाही, तंटा नाही! आपल्या हुशारीचं त्यांना इतकं कौतुक वाटलं की आठवडाभर ज्याला त्याला तेच सांगत सुटल्या होत्या.

"यातून काही वाट नाही का गं?" त्यांनी विचारलं.

मुलगी भली होती. तिने संगणकात डोकं घातलं. "दोन्ही विमानं आमच्याच कंपनीची आहेत. कोणीतरी एकाने सगळ्या प्रवासाचं मिळून एक तिकीट काढलं तर व्हिसा लागणार नाही, बॅगही थेट जाईल. पण दोन्ही विमानं भरलीत. आधीची दोन तिकिटं रद्द झाली, तरच तुमच्या जागा मोकळ्या होतील. ज्याने काढलं त्यानेच ते रद्द करायचं. आणि रद्द झाल्या झाल्या नवं काढायला हवं. मध्ये दुसऱ्या कोणी जागा उचलली तर मग..." तिने वाक्य सोडून दिलं. "काउंटर पस्तीस मिनिटांनी बंद होतं."

दोन्ही मुलगे सोडायला आले होते. अर्थात आपापल्या गाडीने. काचेच्या भिंतीपलीकडे एक या टोकाला उभा, दुसरा त्या टोकाला. आत यायला दोघांनाही परवानगी नव्हती. मावशींनी थोरल्याला फोन लावला.

"सोपं आहे की," तो म्हणाला. "मी काढतो सबंध. त्याला म्हणावं, तुझं रद्द कर."

मग धाकट्याला लावला. तो तर फोनवरच उसळला. "म्हणजे मी नुसता हात हलवायला आलोय का? त्याला सांग रद्द करायला. मी काढतो सगळं."

"अरे, बेबीमावशीचा तरी विचार कर."

"करतोय म्हणूनच म्हणतोय. दर वेळी मोठेपणा त्यालाच का?"

पंचवीस मिनिटं उरली. मावशी बॅगेवरच बसल्या. मागची रांग त्यांना वळसा घालून पुढे सरकू लागली.

कोणाला तरी सांगायला हवं होतं की तू सोड. एवढे दोन शब्द त्यांनी जन्मात कुठल्या मुलाला म्हटले नव्हते. आणि खरी लाजेची गोष्ट अशी की कोण सोडेल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. धाकट्याला कितीही सांगा, तो अडूनच बसला असता. थोरला ऐकणारा होता. जो ऐकतो त्यालाच सांगायचं, हा कुठला न्याय? हा अन्याय आपल्या हातून होऊ नये म्हणून तर त्या जन्मभर माप घालत आल्या होत्या. पण बेबी तिकडे वाट बघत पडली होती.

त्यांनी थोरल्याला फोन लावला.

"तू सोड," त्या म्हणाल्या. "त्याला काढू दे."

काचेपलीकडे थोरल्याने त्या टोकाला उभ्या भावाकडे एकदा पाहिलं.

"बरं," थोरला म्हणाला.

"आणि त्याच्याजवळ जाऊन उभा राहा. तुमचं एकदम व्हायला हवं."

काचेतून त्यांना दिसलं, थोरला चालत निघाला. सामानाच्या ढकलगाड्या चुकवत तो त्या टोकाला पोचला. धाकट्याने आधी मान फिरवली. थोरला काहीतरी बोलला. काय बोलला देव जाणे, पण धाकट्याने खिशातून फोन काढला. दोन डोकी दोन फोनांवर वाकली. थोरल्याने तीन बोटं वर केली, एकेक करून मिटली, आणि दोघांनी एकदम बटण दाबलं.

"दोन्ही रद्द झाली," मुलगी म्हणाली.

या घडीला मावशींकडे एकही तिकीट नव्हतं. तेलही गेलं, तूपही गेलं. त्यांनी काउंटरची कड घट्ट धरली. मुलगी पडद्याकडे बघत होती आणि मावशी मुलीच्या तोंडाकडे. काचेपलीकडे धाकट्याचा अंगठा भराभर चालत होता. मध्येच तो अडला, थोरल्याने आपल्या फोनमधून बहुधा पासपोर्टचा नंबर वाचून दाखवला, तो पुन्हा लिहू लागला. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं.

"आलं," मुलगी म्हणाली. "दोन्ही टप्पे. एकच तिकीट."

बॅगेला पट्टी लागली आणि बॅग गेली. मावशी काचेपाशी गेल्या. धाकटा हसत हात हलवत होता, परीक्षेत पास झाल्यासारखा. थोरला दोन पावलं मागे उभा होता, हात खिशात घालून. मावशींनी त्याचा नंबर लावला.

"झालं ना आई? नीट जा," तो म्हणाला. "पोचलीस की फोन कर आम्हाला."

"तुला आधी करीन," मावशी म्हणाल्या.

काचेपलीकडे थोरल्याने फोन कानालाच ठेवला होता. त्याने पाठ वळवली आणि बाहीने डोळे पुसले.