पोथीतला घोडा

बाउदिलिओ इश्पाता मॉर्मन झाला, त्यात सगळ्यात जास्त फायदा झाला तो फेर्मिनाचा. त्या ख्रिस्ती पंथात कॉफी वर्ज्य, कोको चालतो. आणि आमच्या राबिनाल गावच्या बाजारात कोकोच्या धड बिया ठेवणारी बाई एकच, माझ्या शेजारच्या पथारीवरची फेर्मिना तेकू. बाउदिलिओ विधुर, एकटा जीव, पण बिया न्यायचा जसं काही घरी लग्न निघालंय. रविवारी आमचा मोठा बाजार, नेमकी त्या दिवशी त्याला खरेदी चालत नाही. म्हणून तो शनिवारी दुपारी यायचा, आम्ही माल मांडत असताना, गर्दी नसताना. धर्म पाळावा तर असा सोयीने, असं मी माझे तुंब्याचे रंगीत कटोरे पुसत मनाशी म्हणायची.

त्याने तिला लग्नाचं विचारलं. ती नाही म्हणाली नाही. पण त्याचं म्हणणं, तिनेही पाण्यात उतरून दीक्षा घ्यावी. म्हणजे लग्न त्यांच्या मोठ्या मंदिरात लागेल आणि मेल्यावरही टिकेल.

फेर्मिना विधवा. ती म्हणाली, "पहिला निदान मेल्यावर तरी सुटला. तू तेव्हाही सोडणार नाहीस होय?"

तो हसला, पण मागे हटला नाही. त्यांच्या पोथीत म्हणे आमचीच, इथल्या मूळच्या लोकांची, कथा आहे. पूर्वज जेरुसलेमकडून जहाजाने आले, त्यांनी नगरं वसवली, व्यापार केला, त्यांच्याकडे घोडे होते.

"घोडे?" फेर्मिनाने तराजू खाली ठेवला. "घोडा स्पॅनिश लोकांनी आणला. शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आपल्या मातीतून एक जुना घोडा काढून दाखव, बंधुराज. त्याच दिवशी पाण्यात उतरते."

त्या पंथात सगळे एकमेकांना बंधू म्हणतात, त्यावरून ती त्याला चिडवायची. तिने गंमत केली होती. त्याने ती मनावर घेतली. त्या हिवाळ्यात गावाबाहेरच्या टेकडीवर उत्खनन सुरू झालं. राजधानीहून इलेआना नावाच्या बाई आल्या. त्यांना सगळे डॉक्टर म्हणत, पण ताप आला तर उपयोग शून्य. बाउदिलिओ त्यांच्याकडे खणायला लागला.

मग दर शनिवारी बियांबरोबर बातमी. एकदा काळ्या काचेसारख्या दगडाचं पातं निघालं, पार राजधानीकडच्या खाणीतलं. एकदा हिरव्या दगडाचा मणी. एकदा समुद्राचा शिंपला. आमच्या डोंगरात.

"बघ," तो म्हणाला, "व्यापार होता. पोथीत आहे तसाच."

"व्यापार कुठे नसतो? माझा कोको खालच्या रानातून येतो. मी ते रान पाहिलंय? आणून देतो त्याची भाषासुद्धा मला धड कळत नाही. माल हातोहात चालत येतो, बाबा. शिंपला आला म्हणजे जहाज आलं असं नाही."

"पण व्यापार मान्य?"

"व्यापार मान्य. घोडा बाकी."

सुरुवातीला मी हसत होते. पुढे पुढे शनिवारी तो उशिरा आला तर माझीच मान वळायची.

एका शनिवारी तो आला आणि बिया मागितल्याच नाहीत.

"दात सापडला," म्हणाला.

"कुणाचा? तुझा?"

"घोड्याचा."

फेर्मिनाचा हात बियांच्या पोत्यातच राहिला. "बाईंनी पाहिला?"

"पाहिला. घोड्याचाच म्हणाल्या. खाली, जुन्या खापरांच्या थरात होता."

मला वाटलं, आता ही हजार सबबी सांगणार. तिला मी ओळखते, सडकी बीसुद्धा ती सहजी परत घेत नाही. पण तिने ॲप्रनला हात पुसले आणि म्हणाली, "मग ठरलं. शब्द म्हणजे शब्द. पाणी कोमट तरी करता ना तुम्ही लोक?"

हरायची इतकी घाई मी बाजारात दुसऱ्या कुणाला पाहिलेली नाही.

बाउदिलिओ पोत्यावर बसला. "थांब. माती भुसभुशीत होती. बाजूलाच तालतुसाचं बीळ होतं."

तालतुसा म्हणजे आमच्याकडची घूस. वरचं खाली आणि खालचं वर करण्यात तिचा जन्म जातो.

"ते बाईंना दिसलं?"

"मीच दाखवलं. दात तपासायला परदेशी पाठवणार आहेत. बहुधा अलीकडचाच, वरून घरंगळलेला, असं त्यांना वाटतं."

"बहुधा ना? म्हणजे जुनाही असेल."

"असेल."

"मग झालं तर. मी जमिनीतला घोडा म्हटलं होतं. घुशीबद्दल चकार शब्द काढला नव्हता."

"तू जुना म्हटलं होतंस."

"अरे, मी उतरते म्हणतेय आणि तूच मला काठावर ओढतोस? असा कसला रे तुमचा धर्म?"

"घुशीच्या भरवशावर तुला पाण्यात नेऊ?" तो हळू बोलत होता. "उद्या उत्तर आलं की कुणाच्या तरी खेचराचा दात आहे, मग? तेव्हा परत बाहेर येशील?"

"आणि जुना निघाला तर?"

"तरी नको. विश्वास ठेवायला मला दात लागला नव्हता."

"मग इतके दिवस उकरत कशाला होतास?"

"तू मागितला होतास म्हणून."

फेर्मिनाने मांडलेल्या बिया उगाच परत पोत्यात भरल्या. शेवटी मीच विचारलं, "मग लग्नाचं काय?"

"नगरपालिकेत," फेर्मिना म्हणाली. "मेल्यानंतरचं मेल्यावर बघू."

सौद्यात अर्धा माल सोडायची वेळ आली की माणसाचा चेहरा होतो, तसा बाउदिलिओचा झाला. मग त्याने मान हलवली.

लग्न ईस्टरनंतर लागलं. दाताचं उत्तर अजून आलेलं नाही. तो कधीच विचारत नाही. फेर्मिना मात्र डॉक्टरबाई बाजारात दिसल्या की माल सोडून उठते आणि त्यांना गाठून विचारते, दात जुना निघाला का. मला त्या दाताशी काही देणंघेणं नाही. तरी ती विचारते तेव्हा मी कटोरे पुसायचं थांबवते.