परत आलेल्याचं बारसं

जहाज बुडालं आणि खलाशाचा पत्ताच लागला नाही. बरीच वर्षं वाट पाहून घरच्यांनी शेवटी दर्भाच्या पुतळ्याला अग्नी दिला. बायकोने पदर खोचला आणि कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान काढलं. ते चांगलं मार्गी लागलं असताना एका सकाळी इस्त्रीच्या वाफेपलीकडे तो उभा दिसला. वाळून काटकुळा झालेला, पण जिवंत. एवढी वर्षं परमुलखातल्या तुरुंगात खितपत पडला होता.

सासूबाईंच्या आनंदाला पारावार उरला नाही. गुरुजी मात्र म्हणाले, "यांचे अंत्यसंस्कार झालेत. आता नव्याने जन्मले असं धरून सगळे संस्कार पुन्हा करायचे."

त्याला न्हाऊमाखू घालून पांढऱ्या चादरीत गुंडाळलं. सासूबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि कानात नाव सांगितलं. पन्नाशीचा बाप्या, ओक्साबोक्शी रडायला लागला. बायकोला आधी हसू फुटलं, मग ती तांब्या घेऊन पुढे झाली. "अहो, पाणी..." म्हणताना तिची जीभ अडखळली. आत्ता जन्मलेल्याला अहो कसं म्हणायचं?

मुंजही झाली. गुरुजी म्हणाले, "आता विवाह. तुम्ही तयार आहात ना?"

"आमचं लग्न झालंय की."

"ज्यांच्याशी झालं, त्यांचं उत्तरकार्य तुम्हीच केलंत."

"मग हे कोण? आणि मी त्यांची कोण?"

गुरुजींनी पोथी चाळली. "त्याच स्त्रीशी पुन्हा विवाह करावा, एवढंच दिलंय."

पहिल्या खेपेला वडिलांनी सगळं ठरवलं होतं, तिला कुणी विचारलंच नव्हतं. आज सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. ज्याच्यासाठी ती रात्र रात्र रडली, तो खरंच गेला होता का? गेला नव्हता, तर ते रडणं कुणासाठी होतं?

"अगं, आपलाच माणूस आहे," सासूबाई म्हणाल्या.

"हो आई. तरी मला काही सुचत नाहीये."

"तिला घाई करू नका," चादर सावरत तो म्हणाला. "मी कोण झालोय ते मलाच अजून उमगत नाहीये."

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला आणि न सांगता चादरींच्या घड्या घालायला बसला. कोपऱ्याला कोपरा काही जुळेना. तिने दुसरं टोक धरलं. दुपारी गुरुजींचा मुहूर्तासाठी फोन आला.

"कळवते," ती म्हणाली आणि त्याच्याकडे वळली. "चहात साखर घालू का?"

त्याने बराच वेळ विचार केला. "घालून बघ."