सातवी ब, शेवटचा तास

"व्याकरण घे. डोळे झाकून घे," तो म्हणाला. "बाकी सगळा पोरखेळ आहे."

जेवणाच्या टेबलावरची ताटे बाजूला सारून तिने विद्यापीठाचे पत्रक पसरले होते. इंग्रजीचे शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना शेवटच्या वर्षी ऐच्छिक विषय असत. त्यांतले दोन निवडायचे. उच्चारशास्त्र, व्याकरणाचे अध्यापन, प्रश्नपत्रिका आणि मूल्यमापन, आणि सगळ्यात खाली, जणू कुणी घाईघाईने चिकटवल्यासारखा, 'वर्गातली गोष्ट आणि नाटुकली'.

"आणि दुसरा कुठला घेऊ?"

"प्रश्नपत्रिका. जन्मभर पुरेल. आणि कुठं अडलंच तर घरात मी आहे की."

"तुम्ही आहातच हो," ती म्हणाली आणि पत्रकाची घडी घातली.

तिने व्याकरण घेतले. प्रश्नपत्रिका घेतली नाही. हे त्याला पंधरवड्याने समजले, तेही ती त्याच्या एका जुन्या मोज्याला शर्टाची दोन बटणे डोळे म्हणून शिवत बसली होती तेव्हा.

"हा माझा मोजा आहे."

"जोडीतला दुसरा कधीच हरवलाय. बाहुली करायचीय. नाटुकलीच्या तासाला."

"कुठल्या नाटुकलीच्या?"

तिने मान वर केली नाही. "अहो, शेवटच्या क्षणी वाटलं, हाच घ्यावा."

तो हसला. हसून सोडून द्यावे असेच ते होते. पण त्या दिवशी शाळेत जाताना तो मोजा राहून राहून त्याच्या डोळ्यांसमोर येत होता, बटणांच्या डोळ्यांनी बघत.

तो शाळेत इंग्रजी शिकवायचा. त्याचे केस फळ्यासमोरच पिकले होते. मुले त्याला पाठीमागे 'टेन्स सर' म्हणत. आपण काळ चांगले शिकवतो म्हणून हे नाव पडले, असा त्याचा समज होता. त्याच्या वर्गात चिडीचूप असे. मुख्याध्यापिकाबाई पाहुण्यांना शाळा दाखवताना मुद्दाम त्याच्या वर्गावरून नेत आणि म्हणत, "बघा, आत मुलं आहेत असं तरी वाटतं का?" हे तो वर्षानुवर्षे घरी सांगत आला होता.

लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, घर रिकामे झाले, तेव्हा त्यानेच हौसेने बायकोचे नाव विद्यापीठात घातले होते. लग्नामुळे तिचे शिक्षण अर्धवट राहिले होते. पहिली दोन वर्षे सोन्यासारखी गेली. संध्याकाळी ती वही घेऊन त्याच्यासमोर बसे. "इथं 'द' का लागला?" "हे असं का नाही चालत?" तो चष्मा पुसून समजावून सांगे. ओळखीच्या प्रत्येकाला तो म्हणे, "आमच्या घरात आता दोन इंग्रजी शिक्षक होणार." त्यातला पहिला कोण, हे त्याच्या मनात पक्के होते.

शेवटच्या वर्षी ते विचारणे बंद झाले. म्हणजे ती विचारायची, पण व्याकरणापुरते. बाकी तिच्या तोंडी सतत नाटुकली शिकवणाऱ्या त्या तरुण प्राध्यापकाचे नाव. तो म्हणे पिशवी भरून बाहुल्या आणि टोप्या आणायचा.

"काय म्हणतो तुझा बाहुलीवाला?" तो विचारी.

"अहो, बाहुलीवाला काय! केवढा शिकलेला माणूस आहे."

"शिकलेला असेल. पण पोरं बाहुलीनं इंग्रजी शिकली असती तर आम्ही घसा कशाला फोडला असता?"

यावर ती हसून विषय बदलायची. त्या हसण्याने त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भांडली असती तर बरे झाले असते. त्या माणसाविषयी काही वावगा संशय असता, तरीही बरे झाले असते. निदान त्या दुखण्याला नाव असते, चारजणांना सांगता आले असते. हे सांगायचे कुणाला? बायको आनंदात आहे, आणि त्या आनंदात मी कुठेच नाही?

एका रविवारी लेकीचा फोन आला. मायलेकी चक्क इंग्रजीतून बोलू लागल्या. बायको चुकत होती, दर दोन वाक्यांमागे एक चूक, तो पेपर वाचता वाचता मोजत होता. पलीकडून लेक म्हणाली, "आई, किती मस्त बोलतेस गं! ऐकत राहावंसं वाटतं."

लेकीला इंग्रजी त्याने शिकवले होते. असे ती त्याला कधी म्हणाली नव्हती.

मग चष्म्याचा दिवस आला. ती सकाळी वाचायचा चष्मा घरीच विसरून गेली. शाळेच्या शिपायाकडून पाठवता आला असता, पण त्याने दुपारची रजा टाकली आणि स्वतः निघाला. बघू तरी, काय चालते तिथे.

विद्यापीठाच्या लांब व्हरांड्यातून तो वर्ग शोधत गेला तेव्हा हसण्याचा आवाज आधी आला. दाराला काचेची चौकट होती. आत बाके भिंतीला लावून मधली जागा मोकळी केली होती, आणि तिथे त्याची बायको उभी होती. तिने डस्टर काखेत धरले होते. हनुवटी वर. खडूने टेबलावर तीनदा टकटक केले आणि नाकातून लांब श्वास सोडत ती म्हणाली, "सिट डाउन! व्हॉट इज द टेन्स?" कुणीच उत्तर देईना. तिने छताकडे बघत मान हलवली. "मेंढरं! मेंढरं सगळी!"

वर्ग लोटपोट झाला. एक मुलगी डोळे पुसत ओरडली, "अगदी अस्सेच होते आमचे सर!" आणि बाहुलीवालाही हसत टाळ्या वाजवत होता.

ती सुंदर दिसत होती. हे त्याला त्या अपमानातही जाणवले, आणि त्यामुळे जास्त लागले.

व्हरांड्याच्या टोकाला विद्यापीठाचा शिपाई स्टुलावर बसला होता. चष्म्याची डबी त्याने शिपायाच्या हातात दिली आणि बायकोचे नाव सांगितले.

"कुणी दिला म्हणून सांगू?"

"शेजाऱ्यानं दिला म्हणा."

संध्याकाळी तिने चहा आणून ठेवला. "चष्मा मिळाला. शेजाऱ्यांनी आणून दिला म्हणे."

"असेल कुणीतरी," तो म्हणाला.

यानंतर महिन्याभराने पाठ सुरू झाले. नाटुकलीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने खऱ्या शाळेत, खऱ्या वर्गावर एक तास घ्यायचा, बाहुलीवाला मागे बसून गुण देणार. कुठली शाळा, ते विद्यापीठ ठरवी. तिच्या वाट्याला त्याचीच शाळा आली.

मुख्याध्यापिकाबाईंनी त्याला बोलावून घेतले. त्या खुशीत होत्या. "तुमच्याच घरचं कार्य आहे, सर. तुम्हीच सांगा, कुठला वर्ग देऊ? पाचवी अ गोड आहे."

"सातवी ब द्या."

"सातवी ब?" बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "अहो, ती पोरं तुमच्याशिवाय कुणाला आवरत नाहीत. त्या तर पहिल्यांदाच उभ्या राहणार."

"शिकायचंच आहे तर खऱ्याखुऱ्या वर्गात शिकू दे. आणि शेवटचा तास द्या. खेळाच्या तासानंतरचा."

बाईंनी वेळापत्रकावर लिहून घेतले. बाहेर आल्यावर त्याला हलके वाटले. इतके हलके की त्याची त्यालाच भीती वाटली.

पाठाच्या दिवशी तो त्या मजल्यावर पेपर तपासायचे निमित्त करून शिक्षकांच्या खोलीत बसला. सातवी ब भिंतीपलीकडेच होती. घंटा झाली. मैदानावरून मुले धडधडत आली. मग दार लागले. थोडा वेळ शांतता, तिचा आवाज, थोडे हसणे. त्याने एक पेपर तपासला. दुसरा उघडला.

आणि आवाज वाढू लागला. आधी कुजबुज, मग शिट्टीसारखे काहीतरी, मग बाके सरकल्याचा खडखडाट. बघता बघता सातवी ब उसळली. मुले ओरडत होती, पाय आपटत होती, कुणीतरी किंचाळले. त्याच्या हातातला लाल पेन थांबला. झाले, त्याला वाटले. छातीत काहीतरी गोड, गरम पसरले. आता कळेल. बाहुली घालून आवरता येतात का पोरे, आता कळेल.

आवाज आणखी वाढला. त्यातून तिचा आवाज येत होता, उंच, ताणलेला. ती ओरडत होती. आणि मग त्या गोड वाटण्यातच कुठेतरी त्याला तिची दया आली. बिचारी! मागे तो माणूस वही घेऊन बसलेला, आणि ही एकटी. तो उठला. बायकोला वाचवायला जाणाऱ्या माणसाच्या पावलांनी तो व्हरांड्यातून गेला आणि त्याने दार धाडकन उघडले.

"सायलेन्स!"

एका क्षणात सगळे थांबले.

वर्गाच्या मधोमध बाके जोडून लांबट आकार केला होता. त्यावर सातवी बमधला सगळ्यात द्वाड पोरगा दोन्ही हात पसरून उभा होता, तो धप्पकन खाली बसला. मागच्या रांगेतली मुले ओळीने उभी होती, हात वर केलेले. एका मुलीचे गाल फुगलेले होते. ते सोडायचेही तिला धाडस होईना, तशीच ती त्याच्याकडे बघत राहिली.

फळ्यावर होडीचे चित्र होते.

"सर," त्याची बायको म्हणाली. शाळेत ती त्याला सरच म्हणणार, हे बरोबरच होते. तिच्या कपाळावर घाम होता. "सर, तो गोंधळ नव्हता. ते वादळ होतं. गोष्टीतलं."

त्याने फळ्याकडे पाहिले. होडीखाली मुलांनी सांगितलेली इंग्रजी वाक्ये होती, वारा काय करतो, लाटा काय करतात. त्यातली निम्मी त्या द्वाड पोराच्या नावाने होती. त्या पोराने त्याच्या तासाला आजवर एक वाक्य बोललेले नव्हते.

"चालू द्या," तो म्हणाला. "चालू द्या, चालू द्या." आणि दार ओढून घेतले.

तो दाराबाहेरच उभा राहिला. आता पुन्हा सुरू होईल, त्याला वाटले. आत ती म्हणाली, "चला, वारा कुठं गेला? ब्लो, विंड, ब्लो!" एकदोघांनी फुंकल्यासारखे केले. ती पुन्हा म्हणाली. कुणी हसलेसुद्धा नाही. त्याने जन्मभर ज्या शांततेचे कौतुक ऐकले होते ती दारापलीकडे पसरली होती, आणि ती काही केल्या हटेना. हटावी म्हणून तो दारावर कपाळ टेकून उभा होता. घंटा झाली.

बाहुलीवाला बाहेर आला तो त्याच्याशी आदराने बोलला. "सर, दरारा मानला पाहिजे तुमचा." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "पाठ उत्तम चालला होता, पण पूर्ण झाला नाही. पुन्हा घ्यावा लागेल. दुसऱ्या शाळेत देतो तुम्हाला."

घरी जायला दोघे बरोबरच निघाले. सिग्नलपाशी थांबले तेव्हा तीच म्हणाली, "बाई म्हणाल्या, वर्ग तुम्ही निवडलात."

खोटे बोलायला जागा होती. चांगला वर्ग आहे, म्हणता आले असते.

"तुझी फजिती व्हावी असं वाटलं मला," तो म्हणाला.

"झाली ना मग."

दिवा हिरवा झाला. दोघांनी रस्ता ओलांडला.

"चष्मेवाला शेजारी कोण, ते मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "चष्मा घरात होता. किल्ली तुमच्याकडे. मी तुमची नक्कल केली, सगळे हसले, मीही हसले. खोटं कशाला सांगू? घरी येऊन तुम्हाला चहा दिला तेव्हा तुमच्या तोंडाकडे बघवेना."

"चांगली केलीस नक्कल."

"अहो, नका ना."

"नाही, खरंच. श्वाससुद्धा तसाच सोडलास."

ती हसेल असे त्याला वाटले होते. ती हसली नाही. जिना चढताना ती नेहमी त्याच्यासाठी मधल्या वळणावर थांबायची, त्या दिवशी थांबली नाही.

नवा पाठ पुढच्या आठवड्यात होता. कुठल्या शाळेत, ते तिने सांगितले नाही, त्यानेही विचारले नाही. आजवर तिने घरी कधी सराव केला नव्हता, आता वेळ थोडा होता. आदल्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात पुटपुटत होती. तो पाणी प्यायला दारापर्यंत गेला, ती थांबली.

"काही हवंय का?"

"नाही."

तो बाहेरच्या खोलीत येऊन बसला. आत पुन्हा सुरू झाले, अगदी हळू. त्याची खुर्ची करकरली, आत शांत झाले. त्याने पेपर उलटला, तेवढ्यानेही शांत झाले. तो श्वास रोखून बसला. तरी ती सुरू करीना. सातवी बमध्ये पसरली होती तशीच ती शांतता होती.

तो उठला आणि चपला घातल्या.

"कुठं निघालात?"

"असंच. पाय मोकळे करून येतो. वेळ लागेल मला."

रस्त्यापलीकडे लॉन्ड्री होती. तो दुकानाच्या पायरीशी जाऊन उभा राहिला. तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघराची खिडकी उजळलेली होती. थोडा वेळ तिथे काहीच दिसेना. मग ती खिडकीत आली, पाठमोरी, आणि तिचे हात वर गेले. डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, पुन्हा वर गेले. बसच्या आवाजात ऐकू काहीच येत नव्हते.

"सर, कुणाची वाट बघताय?" लॉन्ड्रीवाल्याने इस्त्री करता करता विचारले. "या, आत बसा."

"नको, नको. इथंच बरा आहे."

वर तिने गिरकी घेतली. आता तिचे तोंड रस्त्याकडे झाले होते, गाल फुगलेले. तो पटकन दुकानाच्या उजेडातून बाजूला सरला आणि तिला खाली कुणी दिसणार नाही अशा भिंतीला टेकून उभा राहिला.