निम्मं मीठ

माशाला काय, कुठलंही पाणी चालतं, असं ज्याला वाटतं त्याने मत्स्यालय चालवू नये. चपलांचं दुकान काढावं. आमचे साहेब मात्र मत्स्यालयच चालवतात. बावीस वर्षांत इथे साहेब पाच बदलले, मासे सांभाळणारी मी एकच.

आमच्याकडे मधोमध खाऱ्या पाण्याची मोठी टाकी आणि उजव्या भिंतीला गोड्या पाण्याच्या चार लहान टाक्या. मोठीत हेकरू राहतो, खडकांच्या कपारीत राहणारा समुद्रातला जाडजूड मासा. हा आधी मादी होता. हेकरूंची रीतच तशी, जन्माला यायचं मादी म्हणून आणि वय वाढलं की नर व्हायचं. सात वर्षं आम्ही त्याला सासूबाई म्हणायचो, आता सासरेबुवा म्हणतो. स्वभावात काडीचा फरक नाही. कपारीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे तोंड वाकडं करून बघायचं, बस.

उजवीकडे सहा रोहू. त्यांतली सगळ्यात मोठी ती थोरली. बारा वर्षांपूर्वी आली तेव्हा माझ्या बोटाएवढी होती, आता हातभर झाली होती. रोहूच्या तोंडात एकही दात नसतो, दात असतात घशात. त्यामुळे थोरली माझ्या हातून पालक ओढून घ्यायची तेव्हा बोटांना नुसते मऊ ओठ लागायचे. काचेवर दोनदा टिचकी मारली की कोपऱ्यातून निघून समोर हजर. माझ्या पोटच्या मुली हाकेला एवढ्या लवकर येत नाहीत.

तर साहेबांच्या मनात आलं, उजव्या भिंतीला भेटवस्तूंचं दुकान काढू. मग रोहूंचं काय करायचं?

"मोठ्या टाकीत सोडा की. एवढी जागा आहे," साहेब शुक्रवारच्या बैठकीत म्हणाले. समोर समितीच्या अध्यक्षबाई बसल्या होत्या. या बाई भांडणं मिटवण्यात पटाईत. तिकीटवाले आणि माळी पंख्यावरून भांडले तेव्हा यांनी पंखा निम्मा दिवस इकडे, निम्मा दिवस तिकडे करून दिला होता.

मी उभी राहिले आणि शाळेतल्या मुलांना सांगते तसं सांगितलं. "समुद्रातला मासा दिवसभर पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यातला मासा पाणी पीतच नाही, उलट अंगात शिरलेलं पाणी दिवसभर बाहेर काढत राहतो. त्याला खाऱ्यात टाकलं तर त्याच्या अंगातलं पाणी निघून जाईल. पाण्यात राहून तो तहानेने मरेल."

अध्यक्षबाईंनी अगदी मन लावून ऐकलं. मान डोलावली. मग हसून म्हणाल्या, "एवढंच ना? मग मीठ निम्मं करा. दोघांनीही थोडं थोडं जमवून घ्यावं."

टेबलाभोवतीच्या सगळ्यांना हे इतकं पटलं की कुणीतरी चहा मागवला. मी ओरडूनच म्हटलं, "अहो, हा पंखा नाहीये! निम्म्या मिठात सासरेबुवा तग धरेल. समुद्रातले बरेच मासे तेवढं सोसतात. रोहूला मात्र निम्मं मीठसुद्धा मरणच आहे. दोघांना सारखं दिलं म्हणून दोघांना सारखं लागत नाही!"

"तुम्ही फार जीव लावता," साहेब म्हणाले.

"मी हात लावणार नाही या कामाला."

"नका लावू."

सोमवारी माझी सुट्टी असते. मंगळवारी सकाळी आठला आले तर दारातच पंपवाले काका. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "वरून सांगितलं, ताई. काल केलं मी."

मी धावतच आत गेले. बोट बुडवून जिभेला लावलं. निम्मं खारट. सासरेबुवा कपारीत, जरा फिका, एवढंच. आणि सहाही रोहू वर, पाण्याच्या तोंडाशी, कल्ले फाकवून. थोरलीच्या अंगावर पांढरा चिकट थर आला होता, डोळे आत गेले होते. मी काचेवर टिचकी मारली. ती वळली, पण तिला येता आलं नाही.

साहेबांना गाठलं तर ते रिबिनीची लांबी बघत होते. "दहाला दुकानाचं उद्घाटन आहे. तोवर टाकीत कुणी उतरायचं नाही, काचेवर पाण्याचे ओघळ दिसतात."

उजवीकडच्या टाक्या कोरड्या, त्यांवर फळ्या ठोकलेल्या. मागच्या खोलीतला मोठा टब मी एकटीने धुतला, भरला, पाण्यात थोडं मीठ मिसळलं, कारण खाऱ्यातून एकदम गोड्यात टाकणं म्हणजे दुसरा घाव. यात दहा वाजून गेले. पाहुणे आले, रिबीन कापली, सगळे मोठ्या टाकीसमोर जमले. मी मागच्या शिडीने कपड्यांसकट छातीभर पाण्यात उतरले.

थोरली हातात आली ती आपसूकच. पूर्वी ती हातात मावायची नाही, इतकी वळवळायची. तिला ओल्या कापडात घेऊन मी शिडी चढले, आणि काचेपलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, कार्यक्रम आहे. साहेब मागून लगबगीने आले, कानाशी कुजबुजले, "झकास! रोज अकराला असंच करू. अजून पाच आहेत ना?"

थोरलीचे कल्ले हलायचे थांबले होते. मी तिला तशीच उचलून पुढच्या दाराने त्या गर्दीत गेले.

"टाळ्या बंद करा," मी म्हटलं. "मेली आहे ही. आम्ही मारली. आत अजून पाच मरतायत आणि मला चार हात हवेत."

कुणी हललं नाही. साहेब हसायचा प्रयत्न करत होते. मग पंपवाले काका खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.

"काका, विचार करा," साहेब म्हणाले.

"काल करायला हवा होता," काका म्हणाले आणि शिडीकडे गेले.

आम्ही दोघांनी पाचही बाहेर काढल्या. टबात दोन आडव्याच झाल्या, तीन कशाबशा सरळ तरंगत होत्या. मी मग्गा मग्गा गोडं पाणी घालत होते तेव्हा दारात अध्यक्षबाई येऊन उभ्या राहिल्या. डोळे खरोखरच भरले होते त्यांचे. आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

"असं होईल हे तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या.