फवारेकाकांची मान

"काका, उद्यापासून कपड्यांवर थुंकायचं नाही," पुतण्या म्हणाला.

काकांच्या तोंडात पाणी होतं. त्यांनी मान डावीकडून उजवीकडे फिरवत शर्टावर बारीक फवारा मारला.

"नाही कसं? ऐकावंच लागेल!" पुतण्या म्हणाला.

पाणी तोंडात धरायचं, ओठ आवळायचे, मान फिरवत फवारा मारायचा, मग कोळशाची इस्त्री. चाळीस वर्षं हेच. म्हणून सगळे त्यांना फवारेकाका म्हणत. खरं नाव त्यांनाही चटकन आठवत नसे.

पुतण्याने आता दुकानात ड्राय क्लीनिंग आणलं होतं. म्हणजे कोरडी धुलाई. काकांनी पिंपात बोट बुडवून पाहिलं.

"अरे, हे तर ओलं आहे."

"ते पेट्रोल आहे, काका. ओलं असलं तरी कोरडं."

"आणि पाणी?"

"पाणी ओलं."

काकांना एवढंच कळलं की आता पाण्यावर पाणी सोडायचं. पेट्रोलशेजारी निखारे नकोत म्हणून आठ किलोची पितळी इस्त्रीही मोडीत गेली. तिच्या जागी विजेची आली. तिला वजनच नव्हतं. काका सवयीने जोर लावत आणि इस्त्रीसकट टेबलापलीकडे जात.

शनिवारी मास्तर आले. निवृत्त, विधुर, एकटे. दर शनिवारी तोच काळा कोट आणत. कधी निघावं लागेल सांगता येत नाही, कोट तयार असावा म्हणत. आणि स्टुलावर बसून दर वेळी एकच प्रश्न विचारत.

"मग? जाऊ का लेकीकडे राहायला?"

"जा की," काका कोटावर इस्त्री फिरवत म्हणाले.

मास्तर उठलेच. "काय म्हणालास?"

"जा म्हटलं. लेकीचंच तर घर."

"बारा वर्षं नको म्हणतोयस, आणि आज जा?"

"मी? मी कधी नको म्हटलं?"

"दर शनिवारी!" मास्तरांनी ओठ आवळले, गाल फुगवले आणि मान डावीकडून उजवीकडे फिरवली. "हे असं. मला वाटायचं, हा कमी बोलतो, पण विचार करून सांगतो."

"अहो मास्तर, तो फवारा होता!"

दोघेही कोटाकडे बघत राहिले. कोटाने काही मत दिलं नाही.

"पहिली पाच वर्षं बोलवत होती," मास्तर म्हणाले. "मग पत्रं थांबली." दाराकडे बघत म्हणाले, "आज दुपारची गाडी आहे. दार उघडेल का रे ती?"

काकांनी कोटाच्या कॉलरवर पुन्हा इस्त्री दाबली. गरज नव्हती, तरी बाह्याही दाबल्या. मग कोट दोन्ही हातांनी उघडा धरून ते मास्तरांच्या मागे जाऊन उभे राहिले. त्या दुकानात आजवर कुणी कुणाला कोट चढवला नव्हता. आधी कुठला हात घालायचा ते मास्तरांना कळेना.

"गरम आहे रे."

"असू द्या. बाहेर गारठा आहे."

बाहेर ऊन रणरणत होतं. मास्तरांनी गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली आणि पायरी उतरले.